नारूचा शेवट : संशोधनाच्या फळाचा एक हिशेब

१

शास्त्रीय संशोधनाने समाजाचे काय भले केले, असा प्रश्न निघाला म्हणजे आपल्याकडे दोन ठरावीक उत्तरे ऐकू येतात. एक पक्ष आगगाडीपासून उपग्रहापर्यंतची यादी वाचून दाखवितो. दुसरा अणुबाँबकडे बोट दाखवून स्वस्थ बसतो. दोन्ही पक्षांची एक गोष्ट मात्र समान असते. प्रयोगशाळेत शोध लागला की त्याचे बरेवाईट फळ आपोआप समाजाच्या पदरात पडते, असे दोघेही गृहीत धरून चालतात. शोध म्हणजे जणू पाऊस. तो पडला की रान भिजणारच. 'पी हळद आणि हो गोरी' या म्हणीतील उतावळेपणा संशोधनाच्या मूल्यमापनातही असा शिरला आहे.

या समजुतीची परीक्षा घ्यावयाची तर सर्वसाधारण विधाने उपयोगी पडत नाहीत. एखादे प्रकरण घेऊन, शोध केव्हा लागला, तो कोणाच्या हाती गेला, वाटेत कोठे अडला आणि अखेरीस कोणाच्या दाराशी पोहोचला, हे तारीखवार तपासावे लागते. ज्यांचे आयुष्य टिपणे, तक्ते आणि अहवाल यांत जाते, अशा आपल्यासारख्यांना ही पद्धत अपरिचित नाही. फाइल कोणत्या मेजावर किती दिवस पडून होती, हे पाहिल्याखेरीज विलंबाचे कारण कळत नाही, हा आपला रोजचा अनुभव आहे.

असे एक प्रकरण आपल्या दोन प्रांतांना जोडणारे आहे. त्याचे एक टोक मुंबईच्या परळ भागात आहे, तर दुसरे राजस्थानच्या बावड्यांत. जयपूरहून आग्र्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे तीस किलोमीटरवर बस्सी हे तालुक्याचे गाव लागते. याच रस्त्याने पुढे दौसा ओलांडून आडवाटेला वळले की आभानेरीची सुप्रसिद्ध चाँद बावडी आहे. नवव्या शतकाच्या सुमारास बांधलेली ती तेरा मजली पायविहीर पाहावयास लांबून प्रवासी येतात आणि पायऱ्यांच्या त्या भूमितीपुढे थक्क होतात. कोरड्या मुलखात पाणी साठविण्याची ती विद्या खरोखरच थोर होती. परंतु पाण्यापर्यंत माणसाचे पाऊल नेणारी हीच पायरी शतकानुशतके एका व्याधीची वाहक होती, हे मात्र तेथे कोणी सांगत नाही. त्या व्याधीला इकडच्या खेड्यांत 'नारू' किंवा 'बाला' म्हणत. पहिला शब्द आपलाच आहे. दख्खनच्या बारवा आणि पायविहिरी यांच्या आसऱ्याने राहणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या तोंडीही तोच होता.

२

नव्या पिढीला नारू ठाऊक नाही, ही आनंदाची गोष्ट आहे. म्हणूनच तो काय होता हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. माणसाच्या शरीरात वाढणारा हा दोऱ्यासारखा कृमी. मादीची लांबी साठ सेंटिमीटरपासून जवळजवळ एक मीटरपर्यंत भरे. शरीरात शिरल्यापासून सुमारे वर्षभर त्याचा मागमूस नसे. मग बहुधा पायावर एक फोड येई, त्याची विलक्षण आग होई आणि फोड फुटून कृमीचे पांढरे टोक बाहेर दिसू लागे. ते टोक काडीला गुंडाळून रोज थोडेथोडे ओढून काढावयाचे, हाच हजारो वर्षांचा उपचार. घाईने ओढले आणि कृमी आत तुटला तर पाय सुजून, पिकून रोगी महिनोन्‌महिने अंथरुणास खिळे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत या रोगाला 'स्नायुक' म्हटले आहे; अरबी वैद्यांनी त्यास मदिनेचे नाव दिले. त्यावर ना औषध सापडले, ना लस. आणि एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही, असाही भरवसा नव्हता.

नारूने माणूस सहसा मरत नसे. मृत्यूंच्या तक्त्यात त्याला जागा नव्हती, आणि जे मृत्यूच्या तक्त्यात नाही ते सरकारच्या नजरेत येण्यास फार वेळ लागतो. वस्तुतः त्याने होणारी हानी वेगळ्याच ठिकाणी मोजावयास हवी होती. पेरणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत घरचा कर्ता पुरुष खाटेवर पडून राही. पाणी भरणारी बाई उठू शकत नसे. मग लहान मुलीला घडा उचलावा लागे. एका खेड्यात एकाच वेळी अनेकांचे पाय निकामी झाले म्हणजे त्या वर्षीचे पीकच हातचे जाई. हा रोग गरिबीतून येई आणि पुन्हा गरिबीच मागे ठेवून जाई.

३

नारू कसा होतो, हे कोडे प्रथम सुटले ते मध्य आशियात. अलेक्सेई फेदचेंको या तरुण रशियन निसर्गशास्त्रज्ञाने १८७० साली तुर्कस्तानात असे दाखवून दिले की, कृमीची सूक्ष्म पिले पाण्यात पडली की सायक्लॉप्स नावाच्या, जेमतेम एकदोन मिलिमीटर लांबीच्या जलजीवाच्या पोटात जातात. तेथे त्यांची वाढ होते, आणि तो जीव पाण्याबरोबर माणसाने गिळला की रोगाचे चक्र पुरे होते. फेदचेंको १८७३ साली आल्प्स पर्वतात, वयाच्या तिशीच्या आतच मृत्यू पावला. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रॉबर्ट लायपर या ब्रिटिश संशोधकाने माकडास असे सायक्लॉप्स खाऊ घालून त्याच्या शरीरात कृमी वाढल्याचे दाखविले. उरला होता तो शेवटचा पुरावा : माणूस.

तो पुरावा मुंबईत मिळाला. तेथील बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी म्हणजे प्लेगच्या लशीसाठी हाफकिन यांनी उभारलेली, १८९९ पासून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये चालणारी संस्था. १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. या प्रयोगशाळेत ज्ञानेश्वर आत्माराम तर्खड या जंतुशास्त्रज्ञाने नारूचा अभ्यास चालविला होता. इंग्रजी ग्रंथांत त्यांचे नाव 'टर्खुड' अशा रूपात येते, त्यामुळे मराठी वाचकाला ते चटकन ओळखू येत नाही. पण हे आडनाव दादोबा पांडुरंगांच्या व्याकरणामुळे आपणांस चांगलेच परिचित आहे. तर्खडांनी १९१३ साली स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांना बाधित सायक्लॉप्स असलेले पाणी पाजून त्यांच्या शरीरात नारू होतो, हे सिद्ध केले. प्रयोगशाळेच्या त्या वर्षाच्या अहवालात ही हकीकत काही पानांत नमूद आहे. परोपजीवी कृमींच्या इतिहासात फेदचेंको आणि लायपर यांच्यापाठोपाठ हे मराठी नाव घेतले जाते. आपल्याच वाङ्मयात मात्र ते जवळजवळ नाही.

या प्रयोगाकडे आजच्या दृष्टीने पाहता मनात एक कालवाकालव होते. वर्षभराने आपल्या पायातून हातभर कृमी निघणार आहे, हे ठाऊक असून ज्यांनी ते पाणी प्राशन केले, त्यांच्या धैर्याला काय नाव द्यावे? ग्रंथांत शास्त्रज्ञाचे नाव राहिले. पाणी पिणाऱ्यांचे राहिले नाही. संशोधनाचा समाजावर परिणाम मोजावयाचा असेल, तर संशोधनासाठी समाजाने काय दिले, हा रकानाही त्या तक्त्यात असावयास हवा.

४

अशा रीतीने १९१३ साली नारूविषयी जे कळावयास हवे होते ते सर्व कळले होते. उपायही महाग नव्हता. रोग्याचा पाय पिण्याच्या पाण्यात पडू द्यावयाचा नाही, आणि पाणी फडक्याने गाळून प्यावयाचे. दोहोंपैकी एक जरी कसोशीने पाळले तरी साखळी तुटते. पाणी गाळून पिण्याची चाल तर आपल्या देशात जैन मंडळींनी धर्माज्ञा म्हणून पूर्वापार जतन केलेली. असे असता हिंदुस्थानातील शेवटचा नारूचा रोगी आढळला तो १९९६ च्या जुलै महिन्यात, जोधपूर जिल्ह्यात. तर्खडांच्या प्रयोगापासून हे अंतर त्र्याऐंशी वर्षांचे होते. मधल्या काळात दोन महायुद्धे झाली, साम्राज्य गेले, स्वराज्य आले, माणूस चंद्रावर जाऊन आला. पण परळच्या प्रयोगशाळेतून निघालेली माहिती राजस्थानच्या बावडीपर्यंत पोहोचली नाही. या त्र्याऐंशी वर्षांचा जाब कोणाला विचारावयाचा?

ज्ञान अपुरे होते, असे म्हणण्याची सोय नाही. कारण ज्या मुलखात फेदचेंकोने शोध लावला, त्याच मुलखातील बुखारा शहरात लिओनीद इसायेव्ह यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत डॉक्टरांनी पायऱ्यांचे हौद आटवून, बुजवून १९३१ पर्यंत नारूचे उच्चाटन केले. तेव्हाही औषध नव्हते आणि लसही नव्हती. ज्ञान तेच, फरक होता तो ते अमलात आणण्याच्या निश्चयाचा आणि यंत्रणेचा.

याउलट मुंबई शहराची कथा पाहावी. तेथे विहार तलावाचे नळाचे पाणी १८६० साली आले, पुढे १८७९ साली तुळशीचे आणि १८९२ साली तानशाचे. फेदचेंकोचा शोध १८७० चा. म्हणजे नारूचे कारण कळण्यापूर्वीच शहराच्या मोठ्या भागाला विहिरीच्या पाण्यापासून सुटका मिळू लागली होती. पुढे १९११ साली बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाचा अहवाल लिहून शहरातील विहिरींकडे बोट दाखविले, आणि डासांच्या निमित्ताने विहिरी बुजविण्याची व झाकण्याची चळवळ सुरू झाली. शहराला ज्ञानाच्या आधी नळ मिळाला. खेड्याला नळ तर नाहीच, पण ज्ञानही मिळाले नाही. जेथे सत्ता आणि पैसा वास करतात तेथे शोधावाचूनही सुधारणा होते, आणि जेथे ते नाहीत तेथे शोध लागूनही होत नाही, हा या तुलनेचा कडू निष्कर्ष आहे.

आणखी एक अडथळा होता, आणि तो कोणत्याही सूक्ष्मदर्शकातून दिसणारा नव्हता. आरोग्याच्या अहवालांत 'सार्वजनिक पाणवठा' हा शब्द सहज लिहिला जातो. परंतु पाणवठा सार्वजनिक असतो का? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मंजूर करून घेतला. तरीही २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. आंबेडकरांना हजारो अनुयायांसह जावे लागले, आणि त्यानंतर त्या अनुयायांना मार खावा लागला. ज्या समाजात कोणी कोणत्या पायरीपर्यंत उतरावे हे जातीवरून ठरते, तेथे 'सर्वांनी स्वच्छ विहिरीचे पाणी प्यावे' हा शास्त्रीय सल्ला अर्ध्या गावाच्या दृष्टीने निरर्थक असतो. डबक्याचे पाणी लोक अज्ञानानेच पीत असत असे नाही. पुष्कळांना दुसरे पाणी मिळतच नव्हते.

५

अखेर हे काम हाती घेतले गेले ते १९८३-८४ साली. दिल्लीच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेच्या मार्गदर्शनाखाली नारू निर्मूलनाची राष्ट्रीय योजना सुरू झाली. पहिले काम होते मोजण्याचे. १९८४ साली सात राज्यांतील ८९ जिल्ह्यांत, १२,८४० गावांत मिळून ३९,७९२ रोगी नोंदले गेले. या सात राज्यांत राजस्थान होते तसा महाराष्ट्रही होता. जो रोग शतकानुशतके कोणाच्या हिशेबी नव्हता, त्याला प्रथमच एक आकडा मिळाला.

या मोहिमेत नवे असे शास्त्र जवळजवळ नव्हते. गावोगाव घरोघर फिरून रोगी शोधणे, त्याच्या जखमेस पट्टी बांधणे, त्याला पाण्यात उतरू न देणे, गाळण्यासाठी कापड वाटणे, पाण्यात टेमेफॉस हे सायक्लॉप्स मारणारे औषध बेताने टाकणे, पायविहिरीच्या पायऱ्या बंद करून तिला काठावरून पोहऱ्याने शेंदण्याजोगी करणे, आणि जेथे शक्य तेथे हातपंप बसविणे, एवढाच सारा कार्यक्रम. हेच पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षे. दक्षिण राजस्थानातील बांसवाडा, डुंगरपूर आणि उदयपूर या भागांत 'स्वच्छ' नावाच्या प्रकल्पाने १९८६ पासून खेड्यातील स्त्रियांनाच या कामात घेतले. ज्या पाणी भरीत त्यांनाच गाळण्याचे कारण समजावून सांगावयाचे, आणि त्यांच्यातील काहींना हातपंपाची दुरुस्ती शिकवावयाची, ही कल्पना कागदावर साधी दिसते. पण घुंगटातील बाई हातात पाना घेऊन पंप उघडते, हे दृश्य त्या मुलखात एखाद्या शोधाइतकेच नवे होते.

हातपंपाची कथा पुन्हा आपल्याला महाराष्ट्रात आणते. घरगुती वापरासाठी बनविलेले ओतीव लोखंडाचे पंप सगळ्या गावाचा भार सोसत नसत. बसविलेल्या पंपांपैकी बहुतेक काही दिवसांतच बंद पडत. जालना आणि सोलापूर येथील मिशनच्या मंडळींनी व कारागिरांनी अवर्षणग्रस्त भागात विंधनविहिरी खणताना मजबूत पोलादी पंपाची घडण बसवीत आणली. सोलापुरी पंपाच्या धर्तीवर 'युनिसेफ'च्या साहाय्याने सुधारणा होऊन, मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास या कारखान्यातून १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात 'इंडिया मार्क टू' हा पंप बाहेर पडला. आज आशिया-आफ्रिकेतील असंख्य खेडी त्याचे पाणी पितात. आपल्याकडे ज्याला 'हापसा' म्हणतात तोच हा. त्याच्या एकट्या संशोधकाचे नाव सांगता येत नाही, कारण तो एकट्याचा नाहीच. लोहारशाळेत सुरू झालेले आणि अनेक हातांनी पुढे नेलेले ते संशोधन आहे. विद्वत्‌सभांत अशा कामाला संशोधन म्हणण्याची पद्धत नाही. समाजावरील परिणाम ही कसोटी लावली, तर मात्र त्याच्या तोडीचे काम थोड्याच प्रयोगशाळांतून झाले असेल.

रोगी कमी होत गेले तसे काम अधिक कठीण झाले, कारण शेवटचा रोगी शोधणे हे पहिले हजार शोधण्यापेक्षा अवघड असते. १९९६ नंतर एकही रोगी आढळला नाही, तरी शोध थांबविता येत नव्हता. 'रोगी शून्य' हा शेरा लिहिण्यासाठीही दर वेळी दारोदार हिंडावे लागे, आणि वर्षानुवर्षे शून्य लिहीत राहण्यास जी चिकाटी लागते तिची कल्पना आकड्यांत काम करणाऱ्यासच येईल. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. जगात १९८६ साली सुमारे पस्तीस लाख लोकांना नारू होत असे. २०२३ साली अवघे चौदा रोगी नोंदले गेले. तेही आफ्रिकेत.

या यशात फेदचेंको आणि तर्खड यांचा वाटा किती आणि तक्ते भरणाऱ्या अनामिक कर्मचाऱ्याचा किती? हिशेब करणे अवघड आहे. पण एक गोष्ट निश्चित. शोधाने दरवाजा दाखविला, मात्र तो उघडण्यास जी माणसे लागली त्यांची गणना संशोधनाच्या इतिहासात कोणी करीत नाही. मोहिमेचा पाया असलेली रोग्यांची नोंदवही हे मला तर सूक्ष्मदर्शकाच्या बरोबरीचे शास्त्रीय उपकरण वाटते.

६

येथे हा लेख संपविता आला असता, तर तो सुखान्त झाला असता. परंतु बस्सीच्या पाण्याला आणखी काही सांगावयाचे आहे.

पायविहिरी मागे पडल्या, गावे हापशांवर आणि विंधनविहिरींवर आली. उघड्या पाण्यातील कृमी गेला. पण खोल खडकातून येणाऱ्या पाण्यात दुसरेच काही होते. राजस्थानच्या मोठ्या भागात भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. बस्सी तालुक्यातील भूजलाची रसायनशास्त्रज्ञांनी जी तपासणी केली तीत फ्लोराइड आणि नायट्रेट या दोहोंचा दोष आढळला आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही फ्लोराइडची आपल्या देशातील कमाल मर्यादा. ती ओलांडलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात; प्रमाण फार असेल तर सांधे आखडतात, कणा वाकतो, आणि एकदा वाकलेले हाड पुन्हा सरळ होत नाही. नारूने पाय काही महिने धरला जाई. हा नवा शत्रू धरलेले सोडीतच नाही. काही गावांच्या बाबतीत तरी 'आगीतून फुफाट्यात' असेच म्हणावे लागेल.

हे कोणास ठाऊक नव्हते काय? होते. मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात हा विकार १९३७ सालीच ओळखला गेला होता. त्यानंतर तीन वर्षांनी त्याच्या कारणांचा विस्तृत अभ्यास ज्यांनी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केला ते चिंतामण गोविंद पंडित हेही मराठीच. गिंडीच्या किंग इन्स्टिट्यूटमधील हे शास्त्रज्ञ पुढे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे पहिले संचालक झाले. म्हणजे देशभर विंधनविहिरी खणण्याची लाट येण्यापूर्वी तीस वर्षे हे ज्ञान छापून तयार होते. परंतु ते वैद्यकाच्या कपाटात होते आणि विहिरी खणण्याचे काम पाणीपुरवठ्याच्या कपाटात. पाणी जंतुरहित आहे की नाही हे प्रथम पाहिले गेले. त्यात कोणते क्षार विरघळले आहेत, याची चौकशी पुष्कळ ठिकाणी लोकांचे दात डागाळल्यावर झाली. एका खात्याचे कागद दुसऱ्या खात्यास न दिसणे, हा दोष कोणा एका माणसाचा नसतो, म्हणूनच तो दुरुस्त होण्यास फार काळ लागतो.

१९८६ साली पिण्याच्या पाण्याचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले तेव्हा नारू निर्मूलन आणि फ्लोराइड नियंत्रण ही दोन्ही कामे त्याच्या अंतर्गत एकाच वेळी घेतली गेली. एकाच सरकारने, एकाच वर्षी, एकाच देशात हाती घेतलेल्या या दोन कामांपैकी एक दहा वर्षांत तडीस गेले आणि दुसरे अद्याप चालूच आहे. संशोधनाचे सामाजिक मोल ठरविणाऱ्यास याहून चांगली तुलना मिळणे कठीण.

उपाय नव्हता असेही नाही. नागपूरची संस्था, जी १९५८ साली स्थापन झाली आणि १९७४ पासून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते, तिने तुरटी आणि चुना वापरून पाण्यातील फ्लोराइड कमी करण्याची रीत शोधून काढली. तिला 'नलगोंडा पद्धत' म्हणतात. रीत स्वस्त आहे, साहित्य बाजारात मिळणारे आहे. मात्र ती रोज करावी लागते. तुरटीचे प्रमाण पाण्याच्या गुणधर्मानुसार बदलावे लागते, खाली बसलेला गाळ कोठे तरी टाकावा लागतो, आणि चुकले तर चव व पाणी दोन्ही बिघडतात. नारूची साखळी एकदा तुटली की तुटली. तो कृमी माणसावाचून जगत नव्हता. फ्लोराइड खडकात आहे; त्याला शेवटचा रोगी नाही, म्हणून त्या मोहिमेला शेवटचा दिवसही नाही. शिवाय नारू डोळ्यांना दिसे. हाडात साठणारे विष दिसत नाही. ज्या संशोधनाच्या फळासाठी समाजाने एकदाच जोर लावावयाचा असतो ते यशस्वी होण्याचा संभव अधिक, आणि ज्यासाठी रोज, अखंड, कंटाळवाणी दक्षता लागते ते प्रयोगशाळेत यशस्वी होऊनही गावात हरते.

आणि त्या पायविहिरी? वापर थांबल्यावर त्यांत केरकचरा पडू लागला, पायऱ्यांवर झुडपे वाढली. पावसाचे पाणी जमिनीत मुरविण्याचे त्यांचे काम त्यांच्याबरोबर थांबले. इकडे भूजलाचा उपसा भरणाहून कितीतरी वाढला आणि पाणी शोधण्यासाठी विंधनविहीर अधिकाधिक खोल जाऊ लागली. नारूसाठी पायरी बंद करणे अगत्याचे होते, याबद्दल वाद नाही. पायरीबरोबर सारी विहीरच टाकून द्यावयास हवी होती का, हा प्रश्न मात्र तेव्हा कोणी विचारला नाही.

७

या तपासणीतून काही निष्कर्ष काढावयाचे तर ते असे. पहिला हा की, शोधाची तारीख ही समाजाच्या दृष्टीने फळाची तारीख नव्हे. दोहोंतील अंतर हेच त्या समाजाच्या प्रकृतीचे खरे माप. बुखाऱ्यात ते एकसष्ट वर्षांचे होते, आपल्याकडे सव्वाशेहून अधिक. दुसरा हा की, जमेच्या बाजूला लिहिताना शास्त्रज्ञाबरोबर लोहार, परिचारिका, पंप दुरुस्त करणारी बाई आणि नोंदवही सांभाळणारा कारकून यांचीही नावे लिहावयास हवीत. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा हा की, या हिशेबाला खर्चाची बाजू असते आणि ती बहुधा दुसऱ्याच कोणाच्या वहीत लिहिलेली असते. नारूमुक्तीच्या तक्त्यात वाकलेल्या पाठीचा रकाना नव्हता. तसा तो असावयास हवा होता.

याचा अर्थ नारूवरील विजय खोटा होता असा मुळीच नाही. वर्षाला चाळीस हजार माणसे ज्या वेदनेत तळमळत ती वेदना या देशातून कायमची गेली आहे, आणि मनुष्यजातीने केवळ ज्ञान व शिस्त यांच्या बळावर, औषधावाचून मिळविलेल्या थोड्या विजयांपैकी हा एक आहे. त्यात एका मराठी संशोधकाचा वाटा आहे, याचा आपण अभिमानही बाळगावा. तथापि अभिमान बाळगणे सोपे असते. ज्या गावी नेमणुकीमुळे आपले वास्तव्य घडते, तेथील हापशाचे पाणी कधी तपासले गेले, त्याचा निकाल काय लागला आणि तो गावकऱ्यांना कोणी सांगितला का, एवढी चौकशी करणे थोडे अधिक कष्टाचे आहे. परळच्या प्रयोगशाळेतील पेला आणि ढुंढाडातील घडा यांमध्ये जे अंतर त्र्याऐंशी वर्षे राहिले, ते अशाच न विचारलेल्या प्रश्नांनी भरलेले होते.